जळणाचा हिशेब आणि लोखंडाचा कीस



ह्या व्याख्यानमालेच्या चिटणीसांचे निमंत्रण आले तेव्हा आम्ही त्यांना उलट कळविले की, आमचा विषय जरा तेलकट आहे. ज्या व्यासपीठावर संतवाङ्मयाची, इतिहासाची आणि राजकारणाची चर्चा चालते, तेथे इंजिन किती तेल पिते आणि लोखंड कसे कातावे हे ऐकावयास उन्हाळ्याच्या संध्याकाळी कोण येणार? चिटणीसांचे उत्तर मोठे मार्मिक होते. ते म्हणाले, "पेट्रोलचा भाव ज्याला ठाऊक नाही असा एकही श्रोता आमच्या गावात नाही, तेव्हा आपण निःशंक या." ह्या आश्वासनावर भिस्त ठेवून आम्ही आज आपणांसमोर उभे आहोत.

आम्ही आयुष्याची बरीच वर्षे एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकविण्यात घालविली. आमच्या ताब्यात शेजारशेजारच्या दोन खोल्या होत्या. एकीत इंजिने होती, दुसरीत लेथ व इतर यंत्रे. इंजिनाच्या खोलीत विद्यार्थ्याला विचारावयाचे, 'घातलेल्या जळणाचे काय झाले?' लेथच्या खोलीत विचारावयाचे, 'कातताना हत्याराचे काय झाले?' विद्यार्थ्यांना हे दोन वेगळे विषय वाटत, आणि त्यांच्या वेळापत्रकात ते वेगळेच होते. परंतु ह्या दोन विषयांचे घराणे एकच आहे. एकाची प्रगती दुसऱ्यावाचून अडून बसली, असे इतिहासात एकदा नव्हे, अनेकदा घडले. आणि दोहोंची शिकवणही एकच आहे: हिशेब ठेवा, आणि हिशेब जुळला नाही तर जो आकडा आला तो खोडू नका. शिकवण सोपी दिसते. ती पाळताना आमचीच कशी फजिती झाली, ते आम्ही शेवटी सांगणार आहोत.

प्रथम इंग्लंड-स्कॉटलंडात जाऊ. १७१२ साली न्यूकमेन ह्या लोखंडी सामानाच्या इंग्रज व्यापाऱ्याने खाणीतले पाणी उपसण्यासाठी वाफेचे यंत्र उभे केले. सिलिंडरमध्ये वाफ भरावयाची, मग त्यातच थंड पाण्याची पिचकारी मारावयाची. वाफेचे पाणी झाले की आत पोकळी होते आणि बाहेरची हवा दट्ट्याला खाली दाबते. यंत्र चाले, पण कोळसा भयंकर खाई. कोळशाच्या खाणीवर ते खपून जाई, कारण तेथे कोळशाला तोटा नव्हता. १७६३–६४ च्या हिवाळ्यात ह्या यंत्राची एक लहानशी प्रतिकृती ग्लासगो विद्यापीठातून दुरुस्तीसाठी जेम्स वॉट ह्या उपकरणे बनविणाऱ्या कारागिराकडे आली. वॉटने ती नीट केली, तरी पाचपन्नास फेरेही न होता तिची वाफ संपे.

दुसरा कोणी असता तर त्याने मोठा बॉयलर बसवून दिला असता. वॉटने मोजावयास सुरुवात केली. एका फेऱ्याला वाफ किती लागते आणि सिलिंडरमध्ये वाफ मावते किती, हे त्याने ताडून पाहिले. मावते त्याच्या कित्येक पट वाफ खर्ची पडत होती. पाऊण हिस्सा वाफ केवळ थंड झालेले सिलिंडर पुन्हा तापविण्यात जात होती. आपल्या स्वयंपाकघरातले उदाहरण द्यावयाचे तर, प्रत्येक भाकरीनंतर तवा पाण्याखाली धरून गार करावा आणि पुढच्या भाकरीसाठी तो पुन्हा चुलीवर तापवावा, असा हा कारभार होता. त्या घरची लाकडे संपतील नाही तर काय होईल? तवा कायम गरम ठेवावा आणि वाफ दुसऱ्याच भांड्यात नेऊन थंड करावी, हा विचार वॉटला १७६५ मध्ये सुचला. १७६९ मध्ये त्याला पेटंट मिळाले.

कथा येथे संपली असती तर लेथच्या खोलीचे काहीच काम नव्हते. पण पेटंट मिळूनही वॉटचे यंत्र कित्येक वर्षे नीट चालेना. कारण साधे होते: सिलिंडर गोल नव्हते. त्या वेळी सिलिंडर आतून कातण्यासाठी लांब दांड्याच्या टोकाला हत्यार लावून तो दांडा आत घालीत. टोकाला आधार नसल्यामुळे तो आपल्याच भाराने लवे, आणि ओतकामातले भोक जसे वाकडेतिकडे असेल तसाच त्याचा मार्ग धरी. मग दट्ट्या आणि सिलिंडर ह्यांमधून वाफ निसटे. वॉटने त्या फटी नाना प्रकारच्या बोळ्यांनी बुजवून पाहिल्या, पण गुण येईना.

त्याचा प्रश्न सोडविला जॉन विल्किन्सन ह्या लोखंडाच्या कारखानदाराने. त्याने जाड दांडा सिलिंडरच्या आरपार नेला आणि दोन्ही टोकांना भक्कम आधार दिला. हत्यार त्या दांड्यावर बसविले. आता हत्याराला इकडेतिकडे सरकावयास जागा राहिली नाही. भोक सरळ व गोल पडू लागले. १७७५ मध्ये विल्किन्सनचे सिलिंडर वॉटच्या यंत्राला बसले आणि १७७६ मध्ये गिऱ्हाइकांची पहिली यंत्रे चालू झाली. पन्नास इंच व्यासाच्या सिलिंडरात जुन्या शिलिंगाच्या जाडीइतकाही फरक कोठे नाही, असे वॉटचा भागीदार बोल्टन मोठ्या समाधानाने लिहितो. आजच्या कोणत्याही कारखान्यात एवढा फरक पडला तर तो सिलिंडर भंगारात जाईल. पण तेवढ्याने वाफ अडली, आणि वाफ अडली म्हणून कोळसा वाचला. जळण वाचविण्याची युक्ती दहा वर्षे कागदावर पडून होती. तिला खऱ्या अर्थाने चालू केले ते कातकामाने.

पुढची गंमत पाहा. बोल्टन आणि वॉट ह्यांनी कॉर्नवॉलच्या खाणवाल्यांकडून मोबदला घेताना अट घातली की, न्यूकमेनच्या यंत्राच्या मानाने जेवढा कोळसा वाचेल त्याच्या किमतीचा तिसरा हिस्सा आम्हांस द्यावा. म्हणजे बचत मोजल्यावाचून पैसा मिळणार नाही! त्यामुळे जळणाचे माप हा व्यवहाराचा विषय झाला. बचतीचा दावा करणाऱ्याने बचत मोजून दाखवावी, हा नियम तेव्हापासूनचा आहे. पुढे आपल्याला तो लागणार आहे, म्हणून लक्षात ठेवावा.

आता बव्हेरियातील म्यूनिक शहरी जाऊ. तेथील तोफखान्यात काउंट रमफर्ड नावाचा एक अमेरिकेत जन्मलेला गृहस्थ तोफा कोरण्याच्या कामावर देखरेख करीत होता. तोफ कोरताना ती तापते, आणि निघणारा कीस तर हात भाजेल इतका गरम असतो, हे कारागीर रोज पाहत. त्या काळच्या पंडितांचे मत असे की, उष्णता हा एक सूक्ष्म रस असून तो पदार्थात मुरलेला असतो. धातू कापला की तो बाहेर पडतो. रमफर्डला शंका आली. रस जर धातूत मुरलेला असेल तर केव्हातरी तो संपला पाहिजे.

त्याने मुद्दाम एक बोथट हत्यार घेतले, म्हणजे धातू कमी निघावा आणि घर्षण जास्त व्हावे. ते तोफेच्या धातूवर जोराने दाबून धरले, आणि घोडे जुंपून धातूचा गोळा फिरविला. भोवती लाकडी पेटी करून तीत सुमारे १९ पौंड पाणी भरले. एका तासाने पाणी चांगले गरम झाले आणि अडीच तासांनी प्रत्यक्ष उकळू लागले. विस्तवावाचून एवढे पाणी उकळलेले पाहून जमलेली माणसे चकित झाली. जोवर घोडे फिरत होते तोवर उष्णता निघतच होती. ती संपण्याचे चिन्ह दिसेना. जे अखंड निघत राहते ते साठविलेला रस असू शकत नाही, ती गतीच असली पाहिजे, असे त्याने अनुमान काढले आणि १७९८ च्या जानेवारीत ते लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ठेवले.

त्याच निबंधात तो आणखी एक गोष्ट सांगतो, ती कोणत्याही गृहिणीला पटेल. पाणी तापविण्याची ही रीत काही फायद्याची नव्हे, कारण घोड्याला जो चारा घातला तोच चुलीत जाळला असता तर ह्याहून अधिक उष्णता मिळाली असती! म्हणजे धातू कोरण्याचा प्रयोग करता करता गृहस्थ पुन्हा जळणाच्या हिशेबावरच आला.

पुढे १८४० नंतरच्या दशकात मँचेस्टरच्या जूलने उष्णता आणि काम ह्यांचा नेमका विनिमयदर मोजून काढला. एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापवावयाचे तर ७७२ फूट-पौंड काम करावे लागते, असा त्याचा आकडा. आजच्या घरगुती भाषेत बोलावयाचे तर असे: एक लिटर डिझेलमध्ये जी उष्णता आहे ती विजेच्या सुमारे १० युनिटांइतकी असते. लहान इंजिनाच्या दांड्यावर त्यांतली तीन युनिटे मिळाली तर इंजिन चांगले म्हणावयाचे. उरलेली सात कोठे गेली? काही थंड करणाऱ्या पाण्यातून गेली, काही धुराबरोबर गेली, काही तापलेल्या अंगावरून हवेत गेली. ह्या जमाखर्चाला आम्ही उष्णतेचा ताळेबंद म्हणतो. बँकेच्या ताळेबंदासारखाच तो दोन्ही बाजूंना जुळला पाहिजे.

रुडॉल्फ डिझेल ह्याचे नाव आपण पंपावर रोज वाचता. त्याने १८९२ मध्ये पेटंट घेतले तेव्हा कागदावरच्या गणिताप्रमाणे उष्णतेतले शेकडा सत्तराहून अधिक काम मिळावे, अशी त्याची उमेद होती. १८९३ मध्ये औग्सबुर्गच्या कारखान्यात पहिले इंजिन चालवून पाहिले, तेव्हा स्फोट होऊन दाब मोजण्याचे उपकरणच उडाले. पुढची जवळजवळ चार वर्षे तो आणि कारखान्यातले कारागीर झटत होते. हवा इतक्या जोराने दाबावयाची की तेल पडताच पेटावे, म्हणजे दट्ट्या, कड्या, झडपा सगळे घट्ट बसले पाहिजे. येथेही पुन्हा कातकामच आडवे आले. १७ फेब्रुवारी १८९७ रोजी म्यूनिकचे प्राध्यापक श्र्योटर ह्यांनी इंजिनाची अधिकृत परीक्षा घेतली. सुमारे वीस अश्वशक्तीचे ते इंजिन दर अश्वशक्तीला तासाला सुमारे २४० ग्रॅम तेल घेत होते, आणि उष्णतेतले शेकडा २६.२ काम देत होते.

सत्तराची आशा आणि सव्वीसचा आकडा! पण हा सव्वीसचा आकडा परक्या परीक्षकाने मोजलेला होता, आणि त्या वेळची वाफेची यंत्रे त्याच्या पुष्कळ खाली होती. म्हणून जगाने डिझेलचे इंजिन उचलले. सत्तराचा आकडा आज ग्रंथांतूनच आढळतो. गेल्या सव्वाशे वर्षांच्या मेहनतीने जहाजांवरची प्रचंड डिझेल इंजिने आता पन्नास टक्क्यांच्या आसपास पोहोचली आहेत. तेथवर पोहोचण्याची पहिली पायरी मात्र त्या प्रामाणिक सव्वीसचीच होय.

आता लेथच्या खोलीत चलू. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मिडव्हेल पोलाद कारखान्यात फ्रेडरिक टेलर हा मुकादम होता. लेथवर लोखंड किती वेगाने फिरवावे, हत्याराने किती खोल कापावे आणि दर फेऱ्याला किती पुढे सरकवावे, हे त्या काळी प्रत्येक कारागीर आपल्या अनुभवाने ठरवी. विचारले तर 'हाताला कळते' एवढेच उत्तर. १८८० मध्ये टेलरने मालकांकडे प्रयोगांची परवानगी मागितली. सहा महिन्यांत काम उरकेल असा अंदाज होता. ते सव्वीस वर्षे चालले! १९०६ च्या डिसेंबरात त्याने आपला वृत्तांत अमेरिकन यांत्रिक अभियंत्यांच्या सभेपुढे वाचला, तेव्हा नोंदलेले प्रयोग तीस ते पन्नास हजारांच्या दरम्यान झाले होते आणि आठ लाख पौंड लोखंड-पोलादाचा कीस पडला होता.

एवढा काळ का लागला? हत्याराच्या आयुष्यावर परिणाम करणाऱ्या बारा गोष्टी टेलरला आढळल्या. धातूचा कठीणपणा, हत्याराची जात, त्याला दिलेली आच, टोकाचा आकार, कापाची खोली, सरकविण्याचे माप, वर सोडलेले पाणी, अशा त्या बारा. एकीचा परिणाम पाहावयाचा तर बाकीच्या अकरा जशाच्या तशा ठेवावयाच्या. हे बोलणे सोपे आहे. एकाच कांबीचे पोलाद बाहेरून आत गेले की बदलते, दोन हत्यारांना दिलेली आच सारखी नसते. एक गोष्ट बदलली असे आपण समजतो, आणि नकळत तीन बदललेल्या असतात. वैद्याने एकाच दिवशी औषध बदलले, पथ्य बदलले आणि हवापालटही सांगितला, तर रोगी कशाने बरा झाला हे त्याला सांगता येईल काय?

ह्या चिकाटीचे फळ मोठे होते. हत्याराच्या टोकाशी, कीस सुटतो तेथेच पाण्याची जोराची धार सोडली तर वेग शेकडा तीस ते चाळीस वाढविता येतो, हे टेलरने दाखविले. दुसरी गोष्ट हत्याराच्या आयुष्याची. त्याने जो नियम बसविला त्याचा अर्थ असा: जुन्या तऱ्हेच्या पोलादी हत्याराने मिनिटाला ३० मीटर वेगाने कातताना ते ६० मिनिटे टिकत असेल, तर वेग ३३ मीटर करताच ते २८ मिनिटांत बोथट होईल आणि ३६ मीटरला चौदा मिनिटांत. वेग दहावा हिस्सा वाढला की आयुष्य निम्म्याहून खाली! घाई करणाऱ्या कारखानदाराने हा हिशेब भिंतीवर लिहून ठेवावा. पण फार सावकाश जाणेही परवडत नाही, कारण मग यंत्र आणि माणूस दोघेही अडकून पडतात. दोहोंमधला बेताचा वेग कोणता, हे मोजल्यावाचून सांगता येत नाही.

तिसरे फळ अकल्पित होते. हत्याराचे पोलाद ठरावीक आचेपलीकडे तापविले तर ते बिघडते, अशी सर्व लोहारांची पक्की समजूत होती. १८९८ ते १९०० ह्या काळात बेथलहेम येथे टेलर आणि व्हाइट ह्यांनी काही जातींच्या पोलादांवर ती समजूत पारखून पाहिली. आच वाढवीत गेल्यावर पोलाद प्रथम बिघडले खरे. पण ते तेथे थांबले नाहीत. वितळण्याच्या बेतापर्यंत आच नेली तेव्हा असे हत्यार निघाले की, कातताना टोक तांबडे लाल झाले तरी धार जात नाही. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात हे लाल टोकाचे हत्यार निळा पडलेला कीस उडवीत असताना पाहण्यास जगभरचे अभियंते जमले. त्यालाच आपण हायस्पीड स्टील म्हणतो. पुढे १९२७ च्या सुमारास जर्मनीत 'विडिया' नावाने कार्बाइडची हत्यारे निघाली. 'हिऱ्यासारखे' अशा अर्थाच्या जर्मन शब्दांवरून ते नाव पडले. आपल्याकडच्या कारखान्यांतले कारागीर आजही कार्बाइडच्या टोकाला 'विडिया'च म्हणतात, मग ते कोठल्याही कंपनीचे असो.

एक गोष्ट मात्र न्यायासाठी सांगितली पाहिजे. टेलरने जे घड्याळ लोखंडापुढे धरले तेच माणसापुढेही धरले. १९११ मध्ये वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्रागारात त्यावरून कामगारांनी संप केला. लोखंडाच्या कांबीला मन नसते, तिच्या बारा गोष्टी मोजता येतात. माणसाच्या कोण मोजणार? मापाला आपली जागा आहे, आणि ती जागा ओळखणे हाही मापाचाच भाग आहे, असे आम्हांस वाटते.

हे सारे परक्या देशांतले झाले. आपल्याकडेही ही दोन अंगे एकत्र नांदली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी वसविली आणि तेथून लोखंडी नांगर व चरक बाहेर पडले. १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकीला त्याच घराण्याचा ऑइल इंजिनांचा कारखाना निघाला. विहिरीवरच्या इंजिनाचा आवाज महाराष्ट्राच्या शिवारात घुमला, तो लेथवर तासलेल्या सिलिंडरांच्या जोरावर. आमच्या प्रयोगशाळेतले इंजिनही तसेच एका सिलिंडरचे, पाच अश्वशक्तीचे होते.

त्या इंजिनाचीच हकीगत आता सांगतो. त्याच्या फ्लायव्हीलवर दोर गुंडाळून, एका टोकाला वजने आणि दुसऱ्याला ताणकाटा लावून भार घालीत. तेल एका खुणा केलेल्या काचेच्या नळीतून जाई. तोटी फिरविली की टाकीतले तेल बंद होऊन नळीतले चालू होई, आणि दहा घनसेंटिमीटर तेल किती सेकंदांत संपते हे घड्याळावर पाहावयाचे. थंड करणारे पाणी मोजावयाचे, ते किती तापले ते पाहावयाचे, धुराची उष्णता काढावयाची आणि ताळेबंद मांडावयाचा. दांडा, पाणी आणि धूर ह्यांची बेरीज शंभराच्या खाली यावी आणि जे कमी पडेल ते अंगावरून हवेत गेले असे लिहावे. वर्षानुवर्षे सर्व वह्यांतून ही बेरीज व्यवस्थित येत होती आणि आम्ही सह्या करीत होतो.

एका वर्षी सोलापूरकडच्या एका मुलाने वही पुढे केली. तीत तिघांची बेरीज १०४ होती. आम्ही हसून म्हटले, "अरे, शंभर रुपये घेऊन बाजारात गेलास आणि एकशेचार खर्च करून आलास? पुन्हा करून आण." त्याने पुन्हा केला. पुन्हा १०४. तिसऱ्यांदा १०३. आम्ही चिडलो. इतर साऱ्यांचे बरोबर येते आणि तुझेच कसे चुकते, असे चारचौघांत बोललो आणि गुण कापले. तो मुलगा एवढेच म्हणाला, "सर, मला जे दिसलं तेच मी लिहिलंय."

आमच्या लेथच्या खोलीत एक जुने मिस्त्री होते. त्यांच्या कानावर ही गोष्ट गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आम्हांस इंजिनाजवळ घेऊन गेले. इंजिन बंद होते. त्यांनी तोटी नळीच्या बाजूला फिरविली आणि म्हणाले, "साहेब, जरा नळीकडं बघत राहा." आम्ही पाहू लागलो. बंद इंजिनाच्या नळीत तेल हळूहळू वर चढत होते! तोटीचा खुंटा झिजला होता. ती बंद केली तरी टाकीतून थोडे तेल पाझरून नळीत येत होते. त्यामुळे नळी सावकाश रिकामी होई आणि इंजिन खाते त्याहून कमी तेल नोंदले जाई. जमा कमी लागली, म्हणून खर्च जास्त दिसला. मिस्त्रींनी तो खुंटा काढला, लेथवर नवा कातला, पूड लावून घासून बसविला, आणि दुपारी आम्ही स्वतः प्रयोग केला. बेरीज ८९ आली.

मुलाचे बरोबर होते. आम्ही त्याला वर्गात सर्वांसमक्ष तसे सांगितले आणि गुण परत दिले. पण त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. तोटी काही त्या आठवड्यात झिजली नव्हती. मिस्त्रींच्या मते तिला दोन-तीन वर्षे तरी झाली असावीत. मग त्या दोन-तीन वर्षांत शेकडो वह्यांतून बेरीज बरोबर कशी आली? जुन्या वह्या काढून पाहिल्या. कोणी पाण्याचे माप थोडे कमी लिहिले होते, कोणी धुराची उष्णता उतरविली होती, कोणी मागच्या वर्षीचे आकडे सरळ उतरून घेतले होते. आणि त्या प्रत्येक पानावर आमची सही होती! जे खोटे होते ते आम्ही जुळते म्हणून पास केले, आणि जो एक खरा होता त्याला जुळत नाही म्हणून शिक्षा केली. शंभर वह्यांनी जी तोटी झाकून ठेवली, ती एका वहीने उघडी पाडली. विद्यार्थ्यांना आम्ही दोष देत नाही. बरोबर उत्तर आधी ठाऊक असलेला गुरू समोर बसला की शिष्य त्याला हवे तेच उत्तर आणून देतो.

त्यानंतर आम्ही एक नियम केला. विचित्र आकडा आणणाऱ्याला प्रथम खुर्ची द्यावयाची आणि मग त्याच्यासह यंत्राशी जावयाचे. ह्या नियमाने आमचा पुष्कळ वेळ गेला. पण त्यानंतर तोट्या, ताणकाटे आणि उष्णतामापके ह्यांच्या कितीतरी खोड्या वेळीच सापडल्या.

आता श्रोत्यांपैकी कोणी म्हणतील, आम्ही काही इंजिनांचे प्रयोग करणार नाही. आम्हांस ह्याचा उपयोग काय? उपयोग आहे. तोटी दुरुस्त झाल्यावर आमच्या इंजिनाचे आकडे असे आले: पूर्ण भारावर दहा घनसेंटिमीटर तेल सुमारे २९ सेकंदांत संपे, अर्ध्या भारावर सुमारे ४६ सेकंदांत, आणि मुळीच भार नसताना सुमारे १११ सेकंदांत. भार निम्मा झाला तरी तेल निम्मे होत नाही. दोन-तृतीयांशाच्या जवळपास लागतेच. काहीही काम न करता नुसते फिरत राहणारे इंजिन पूर्ण भाराच्या पाव हिश्शाहून अधिक तेल पिते. म्हणून लहान पंपाला मोठे इंजिन जोडणारा शेतकरी आणि फाटकापाशी गाडी चालू ठेवून गप्पा मारणारा शहरवासी, हे दोघे सारखेच आपले तेल वाया घालवीत असतात.

दुसरे असे की, आज बाजारात गाडीच्या तेलाची बचत करून देणाऱ्या गोळ्या, चुंबके आणि नळ्या विकावयास येतात. विक्रेत्याला आपण वॉटचा नियम लावावा: बचत मोजून दाखवावी. पुण्यात १९६६ मध्ये स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या संस्थेत गाडी रुळांवर चालवून तेल मोजण्याची सोय आहे. घरच्या घरीही काही करता येते. गाडी तीच, वाट तीच, माणसे तेवढीच, चाकांतली हवा तेवढीच, टाकी एकाच पंपावर एकाच खुणेपर्यंत भरलेली. प्रथम वस्तूवाचून, मग वस्तूसह, मग पुन्हा वस्तूवाचून, असे अनेकदा पाहावे. नवी वस्तू बसविल्यावर माणूस कौतुकाने गाडी सावकाश हाकतो आणि बचतीचे श्रेय त्या वस्तूला देतो. बारापैकी कोणती गोष्ट बदलली, हे विचारण्याची सवय लागली तर आपले पुष्कळ पैसे वाचतील. विजेच्या गाड्या आता रस्त्यावर आल्या आहेत. त्यांनाही हाच ताळेबंद लागू आहे, फक्त त्याची काही पाने वीजकेंद्रात जाऊन वाचावी लागतात.

आणि आपली मुले प्रयोगाची वही घेऊन घरी आली, तर तीत सर्व आकडे फार सुबक जुळलेले आहेत काय, हे जरूर पाहावे. असतील तर त्यांना प्रेमाने विचारावे, 'बाळ, हे तुला दिसलं, की तू जुळवलंस?' सोलापूरकडचा तो मुलगा पुढे चांगला अभियंता झाला. तो भेटला की आम्ही दोघे त्या तोटीची आठवण काढतो. तो हसतो, आम्हांस मात्र अजून थोडे ओशाळल्यासारखे होते, आणि ते तसे व्हावे हेच बरे.